घरच्या डागडुजीसाठी काँक्रीट कसं कालवावं

पायरीचा कोपरा उडालेला असतो, फाटकाचा खांब डुलत असतो, नाहीतर पार्किंगमध्ये स्कूटरच्या स्टँडखाली खड्डा पडलेला असतो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून पाच किलो सुटं सिमेंट आणि पोतंभर क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, येते. अंदाजाने पाणी ओतून माल कालवला जातो, थापीने छान गुळगुळीत होतो, आणि पहिला पावसाळा सरत नाही तोच ते ठिगळ अख्खं उचकटून हातात येतं. दोष बहुतेक वेळा सिमेंटच्या कंपनीचा नसतो. पाणी जास्त झालेलं असतं, खालचा पृष्ठभाग तयार केलेला नसतो, आणि नंतर माल ओला ठेवलेला नसतो.

छोट्या कामाला मोठ्या कामापेक्षा काटेकोर माप लागतं. पन्नास किलोच्या गोणीत एक लिटर पाणी जास्त पडलं तर फरक तीन टक्क्यांचा होतो. साडेआठ किलो सिमेंटच्या घाण्यात तेच एक लिटर म्हणजे वीस टक्के. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला त्याच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी पुरतं. बाकीचं आपण माल हलावा, पसरावा म्हणून घालतो. हे वरचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतून पावसाचं पाणी आत शिरतं आणि ताकदही तिथेच जाते. म्हणून घरच्या कामात सर्वांत महत्त्वाचं अवजार म्हणजे लिटरच्या खुणा असलेला मग.

हे काम घरी करण्याजोगं आहे का?

पायरी, अंगणातला कोबा, पार्किंगमधला खड्डा, पाण्याच्या मोटरचा किंवा वॉशिंग मशीनचा चौथरा, तुळशीवृंदावनाचा पाया, फाटकाचा खांब: ही कामं घरी होतात. कॉलम, बीम, स्लॅबची खालची बाजू आणि बाहेर आलेली गॅलरी यांना हात लावू नका. तिथे काँक्रीट सुटलं असेल, भेगेतून तांबूस डाग उतरत असतील किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आतली सळई गंजून फुगलेली असते. वरून माल थापला की गंज झाकला जातो, थांबत नाही. अशा ठिकाणी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पुण्यातल्या शनिवार, कसबा, नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. त्यांना सिमेंटचं ठिगळ लावू नये. चुना श्वास घेतो, सिमेंट ओल कोंडून ठेवतं, आणि काही वर्षांत ठिगळ जसंच्या तसं राहून शेजारची वीट झडू लागते. तिथे चुन्याचाच माल हवा. चेंबरचं झाकणही घरी ओतायच्या फंदात पडू नका. माणूस आत पडू शकतो अशा जागेवर कारखान्यात केलेलं, वजनाची क्षमता छापलेलं झाकणच बसवा.

सामान

दुकानात सहज मिळणारं सिमेंट पीपीसी असतं, म्हणजे फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं. घरच्या कामाला ते उत्तम. फक्त ते सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, म्हणून त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष पाहा. तीन महिन्यांहून जुनी गोणी घेऊ नका. सुटं सिमेंट घेताना विशेष जपा, कारण उघड्या गोणीतलं सिमेंट पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतं. मूठभर सिमेंट हातात घ्या. गार लागलं पाहिजे आणि मऊसूत वाटलं पाहिजे. बोटांनी दाबल्यावर न फुटणाऱ्या गाठी असतील तर ते सिमेंट कितीही चाळलं तरी दुरुस्तीच्या कामाचं नाही.

पुण्यात आता नदीची वाळू घरच्या कामाला क्वचितच मिळते. मिळते ती काळ्या दगडापासून केलेली क्रश सँड. दुकानदाराला ‘काँक्रीटची’ असं स्पष्ट सांगा. प्लास्टरची बारीक असते, ती जास्त पाणी पिते आणि माल आकसून चिरतो. कधी कधी वाळू म्हणून नुसता क्रशरचा कच गळ्यात मारला जातो. ओळखायला सोपं आहे: मूठभर घेऊन वर उडवली की धुरळा उठतो, आणि पाण्यात टाकल्यावर पाणी कितीतरी वेळ राखाडी राहतं. नदीची वाळू मिळालीच, तर काचेची बरणी तिसरा हिस्सा वाळूने भरा, चिमूटभर मीठ घातलेलं पाणी वरपर्यंत ओता, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वाळूच्या थरावर गाळाचा थर बसेल. तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर वाळू धुऊन घ्या किंवा परत करा. क्रश सँडमध्ये दगडाची पूड थोडी जास्त चालते, माती मात्र चालत नाही. ओल्या तळहातावर चोळल्यावर चिकट मातकट डाग राहिला तर ती नको.

खडीचा आकार थराच्या जाडीवरून ठरतो. सगळ्यांत मोठा खडा थराच्या जाडीच्या एक चतुर्थांशाहून मोठा नसावा. तीन इंच आणि त्याहून जाड थराला २० मिमीपर्यंतची खडी चालते. दीड-दोन इंचाला १० मिमीची बारीक खडी घ्या. इंचाहून पातळ थराला काँक्रीट वापरूच नये. तिथे वाळू-सिमेंटच्या मालात लॅटेक्स, म्हणजे माल चिकटवणारा दुधाळ द्रव (दुकानात एसबीआर म्हणून मागा), डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घालायचं. याच्या उलट चूकही सर्रास होते. खडी आणायचा कंटाळा म्हणून तीन इंचाचा खड्डा नुसत्या वाळू-सिमेंटने भरतात, आणि महिन्याभरात कडेने केसासारखी फट पडते. खडी आकसत नाही, सिमेंटचा लगदा आकसतो. खडी काढून टाकली की आकसणारा भागच जास्त राहतो.

खडीवर धुळीचा लेप असेल तर घमेल्यात धुऊन निथळत ठेवा. सिमेंट धुळीला चिकटतं, दगडाला नाही.

पाणी महापालिकेच्या नळाचं असेल तर प्रश्न नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी खारट लागत असेल तर सळई असलेल्या कामात ते वापरू नका. त्यातले क्षार सळई गंजवतात. साधा नियम असा: जे पाणी पिता येणार नाही, ते सळईच्या कामाला नको.

माप

पायरी, पार्किंग, चौथरा यांना १ : १½ : ३ हे प्रमाण धरा, म्हणजे सिमेंट एक, वाळू दीड, खडी तीन. याला एम २० म्हणतात. खांबाच्या खड्ड्याला १ : २ : ४, म्हणजे एम १५, पुरतं.

खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजारने गुणा. आकडा लिटरमध्ये येईल. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि तीन इंच जाड पायरीचं उदाहरण घेऊ: ०.९ × ०.३ × ०.०७५ × १०००, म्हणजे जेमतेम २० लिटर. पण २० लिटर कोरडं सामान घेऊन भागत नाही. खड्यांमधल्या पोकळीत वाळू बसते, वाळूच्या पोकळीत सिमेंट बसतं, आणि कालवल्यावर एकूण आकारमान दोन तृतीयांशाच्या आसपास उरतं. म्हणून लागणारा आकडा १.५४ ने गुणून मग वाटणी करायची. या पायरीला, थोडी सांडलवंड धरून, हे लागेल:

सिमेंट साडेआठ किलो (साधारण ६ लिटर)
क्रश सँड ९ लिटर
खडी १८ लिटर
पाणी जास्तीत जास्त ५ लिटर

तीन लिटरचा एखादा डबा असेल तर सिमेंट दोन डबे, वाळू तीन, खडी सहा. तरीही सिमेंट वजन काट्यावर घेणंच बरं. गोणीतून उपसलेलं सिमेंट फुलतं, आणि डबा सैल भरला तर भरलेला दिसूनही आत सिमेंट कमी पडतं. भारतीय मानक आयएस ४५६ या प्रमाणाला पन्नास किलोच्या गोणीमागे ३० लिटर ही पाण्याची कमाल मर्यादा देतं, आणि १ : २ : ४ ला ३२ लिटर. यात वाळूत आणि खडीत आधीच असलेलं पाणीही धरलेलं आहे. वाळू ओली असेल तर ५ लिटर ओतायचे नाहीत, चारापासून सुरुवात करायची.

ओल्या वाळूची आणखी एक गंमत लक्षात ठेवा. किंचित ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याची पातळ साय बसते, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि डबा लवकर भरतो. ही फुगवट पंचवीस टक्क्यांपर्यंत सहज जाते; म्हणजे तीन डबे घेतलेत असं वाटतं आणि प्रत्यक्षात अडीचही नसतात. तपासायचं असेल तर उभ्या बरणीत २० सेंटीमीटर ओलसर वाळू भरा, तिच्यात वरपर्यंत पाणी ओतून काडीने ढवळा आणि बसू द्या. थर १६ सेंटीमीटरवर आला, तर चार भागिले सोळा, म्हणजे पंचवीस टक्के फुगवट. मग वाळू पाऊणे-चार डबे घ्यायची. पावसाळ्यात बाहेर ढीग टाकलेल्या वाळूला हे करायलाच हवं.

जुना पृष्ठभाग

अर्धं यश इथे आहे आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. हातोड्याने ठोकत जा. जिथे भद्द आवाज येतो तिथपर्यंतचं सगळं छन्नीने काढा. ठणठणीत आवाज येईल तिथे थांबा. कडा उताराच्या ठेवू नका. शून्यावर निमुळता होत गेलेला माल पहिल्या चाकाखाली फुटतो. ग्राइंडरने दहा-पंधरा मिमी खोल सरळ काप घेऊन खड्ड्याच्या कडा उभ्या करा आणि तळ कमीत कमी इंचभर, शक्य तर दीड इंच खोल न्या. ग्राइंडर चालवताना मास्क आणि चष्मा हवाच. दगडाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

तारेच्या ब्रशने घासा, झाडून घ्या, पाण्याने धुवा. पार्किंगमध्ये ऑईल मुरलेलं असेल तर साबणाने धुऊन भागत नाही, तेवढा थर काढूनच टाकावा लागतो.

आता तो भाग आदल्या रात्रीपासून ओला ठेवा. कोरडं जुनं काँक्रीट नव्या मालातलं पाणी शोषून घेतं आणि सांध्यावरचं सिमेंट पाण्यावाचून अर्धवट जमतं. माल टाकायच्या आधी मात्र साचलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या: पृष्ठभाग ओलसर, पण डबकं नाही. मग सिमेंट आणि पाण्याची भज्याच्या पिठाइतकी दाट पेस्ट ब्रशने घासून लावा आणि ती ओली असतानाच वर माल टाका. पेस्ट लावून चहाला गेलात आणि ती वाळली, तर जोडण्याऐवजी तीच दोन थर वेगळे करते. वाळलीच तर खरवडून पुन्हा लावा.

कालवणं

मातीवर किंवा फरशीवर नको. पत्र्यावर नाहीतर मोठ्या प्लास्टिकच्या टबात. आधी वाळू पसरा, तिच्यावर सिमेंट, आणि फावड्याने कोरडंच तीन वेळा उलथंपालथं करा. रंग सगळीकडे एकसारखा होईपर्यंत पाणी दाखवायचं नाही. मग खडी घालून पुन्हा दोनदा उलटवा. ढिगाच्या मध्ये आळं करा, ठरलेल्या पाण्याच्या तीन चतुर्थांश पाणी त्यात घाला, कडेचा माल आत ओढत राहा. आळं फुटून पाणी बाहेर गेलं तर त्याबरोबर सिमेंटही जातं.

इथे एक क्षण येतो जेव्हा माल हट्टाने कोरडा दिसतो आणि हात आपोआप मगाकडे जातो. थांबा. अजून दोन-तीन वेळा उलटवा. खडीवर सिमेंटचा लेप चढायला वेळ लागतो आणि त्यानंतर माल अचानक मऊ पडतो. मग उरलेलं पाणी पेल्या-पेल्याने. नीट झालेला माल हातमोजा घालून मुठीत दाबला की लाडवासारखा वळतो, मोजा ओला होतो, पण बोटांतून पाणी गळत नाही. फावड्याच्या पाठीने रेघ ओढली तर ती बुजत नाही आणि तिच्या कडा चकाकतात. रेघ लगेच मिटली तर पाणी जास्त झालं. मग कोरडं सिमेंट आणि वाळू त्याच प्रमाणात घालून माल सावरा, नुसतं सिमेंट नको.

एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल करणं ही सगळ्यात महाग पडणारी बचत आहे: जमायला लागलेले धागे तुटतात आणि पुन्हा तसे जुळत नाहीत. तो माल टाकून द्या.

टाकणं आणि घोटणं

पायरीच्या पुढच्या कडेला फळी लावायची असेल तर तिला आतून तेल चोळा आणि मागून वीट-दगडाचा टेका असा द्या की माल दाबल्यावर ती सरकणार नाही. कोपऱ्यांपासून भरत या. सळईच्या तुकड्याने टोचत राहा, फळीला बाहेरून हातोड्याने हलके ठोके द्या. हे केलं नाही तर फळी काढल्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. उलट, फार कुटत बसलात तर खडी खाली जाते आणि वर पाण्याची साय येते.

पट्टीने सपाट करताना पायरीला बाहेरच्या बाजूला उतार द्या. फुटाच्या रुंदीला तीन-चार मिमी पुरे. मग हात थांबवा. थोड्या वेळाने वर पाणी सुटतं. ते उडून जाऊन चकाकी मावळेपर्यंत घोटायचं नाही. पाणी लवकर सुकावं म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडा. वर सिमेंटचा पातळ पापुद्रा बसतो, त्याचं आकसणं खालच्या थरापेक्षा वेगळं असतं, आणि सहा महिन्यांत तो पोपड्यासारखा उडतो. लाकडी रंधा, म्हणजे गवंड्याची मुठीची सपाट फळी, फिरवा. घरातल्या चौथऱ्याला त्यानंतर लोखंडी थापी चालेल. बाहेरच्या पायरीला खराट्याने आडव्या रेघा ओढा. आषाढात शेवाळ धरल्यावर गुळगुळीत पायरीवरून घसरणारं माणूस बहुधा घरातलं सर्वांत वयस्कर असतं.

पाणी मारणं

माल घट्ट झाला, बोटाचा ठसा उमटेनासा झाला, की आठ-दहा तासांत ओलं गोणपाट टाका आणि ते कायम ओलं ठेवा. पीपीसीला किमान दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा. सकाळ-संध्याकाळ नुसता पाइप फिरवून मधे बारा तास कोरडं ठेवलं तर तो फार तर शिडकावा झाला. सपाट जागेवर कडेने मातीचं किंवा वाळूच्या मालाचं आळं करून इंचभर पाणी साठवणं सगळ्यात सोपं. नोकरीमुळे दिवसा घरी कुणी नसेल तर गोणपाट भिजवून त्यावर प्लास्टिक अंथरा आणि कडांवर विटा ठेवा. ओल दिवसभर टिकते.

बाजूची फळी दुसऱ्या दिवशी काढता येते. पायरीवर दोन-तीन दिवसांनी चाला. पार्किंगमधल्या ठिगळावर दुचाकी आठवड्यानंतर, चारचाकी तीन आठवड्यांनी. ठरलेली ताकद अठ्ठावीस दिवसांची धरलेली असते.

मार्च ते मे पुण्यातली दुपार कोरडी असते आणि वारा सुटतो. ताज्या मालाच्या वरच्या थरातलं पाणी खालून येणाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने उडतं, आणि घोटून अर्धा तास होत नाही तोच वर बारीक भेगांची जाळी दिसते. म्हणून या दिवसांत काम संध्याकाळी पाचनंतर काढा, खडीवर आधी पाणी शिंपडा आणि घोटणं संपताच वर प्लास्टिक धरा. भेगा दिसल्याच आणि माल अजून मऊ असेल, तर रंध्याने पुन्हा घोटून त्या मिटवता येतात; घट्ट झाल्यावर नाही. पावसाळ्यात ताडपत्री बांधल्याशिवाय सुरुवात करू नका. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत माल सावकाश जमतो, फळी आणखी एक दिवस राहू द्या.

फाटकाचा खांब

खड्डा फूटभर चौरस आणि दोन फूट खोल. तळाशी दोन-तीन इंच नुसती खडी ठोकून बसवा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचणार नाही. ती खडी बसल्यावर वरचं आकारमान पन्नास लिटरच्या आसपास येतं. १ : २ : ४ ने सिमेंट १५ किलो, वाळू २१ लिटर, खडी ४२ लिटर, पाणी साडेनऊ लिटरपर्यंत. खांब ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा आणि दोन तिरक्या काठ्यांनी बांधा. माल जमिनीच्या वर दोन इंच आणा आणि खांबाकडून बाहेर उतार द्या. लोखंडी खांब गंजतो तो नेमका माती आणि काँक्रीट यांच्या सीमेवर. फाटक आठवडाभर टांगू नका. पुण्याजवळच्या मांजरी, लोणी काळभोरकडच्या काळ्या मातीत दोन फूट पुरत नाहीत. ती माती पावसात फुगते, उन्हात फाटते आणि खांब तिच्याबरोबर हलतो. तिथे मुरूम लागेपर्यंत खोदा.

हात, डोळे, राडारोडा

ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं. सुती मोजे ते शोषून कातडीवर धरून ठेवतात, म्हणून रबरी मोजे घाला. ओल्या मालात गुडघे टेकून काम करू नका; जळजळ काही तासांनी कळते आणि तोवर जखम झालेली असते. डोळ्यात उडालं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

घमेलं, फावडं, थापी माल ओला असतानाच धुवा. ते पाणी मोरीत किंवा चेंबरमध्ये ओतू नका, पाइपमध्ये थर जमतो. बादलीत बसू द्या, वरचं पाणी मातीत टाका, गाळ सुकवून राडारोड्यात. फोडलेलं जुनं काँक्रीट टेकडीच्या उतारावर किंवा मुठेच्या काठावर नेऊन टाकू नका. पुढच्या कामात भरावासाठी ते पोत्यात भरून ठेवता येतं. उरलेलं सिमेंट दोन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधून, जमिनीपासून वर, फळीवर ठेवा आणि पिशवीवर तारीख लिहा. तीन महिन्यांनंतर ते झाडांच्या आळ्याभोवती विटा बसवायला वापरा, पायरीला नाही.